ब्राउझरची नवी आवृत्ती आणि वापरकर्त्यांची नाराजी : बदल का होतात, ते कोणाला अडतात?

मयूर विहार (दिल्ली) : यमुनेच्या पूर्व तीरावरील मयूर विहार ही दिल्ली विकास प्राधिकरणाच्या सदनिकांची आणि सहकारी गृहनिर्माण संस्थांची वसाहत आहे. येथील घराघरांत आणि फेज-१ ते फेज-३ मधील लहानमोठ्या कार्यालयांत दिवसाचे बरेचसे काम आता ब्राउझरमधूनच होते. वीजदेयक, बँक, आयकर विवरणपत्र, निवृत्तिवेतनाची चौकशी, मुलांचा अभ्यास आणि गावाकडचे मराठी वृत्तपत्र या सर्वांचे दार एकच आहे. म्हणूनच एखाद्या सकाळी ब्राउझर आपणहून नवी आवृत्ती घेतो, बटणे जागा बदलतात, ओळखीचे चिन्ह नाहीसे होते किंवा कालपर्यंत चालणारी सोय बंद पडते, तेव्हा होणारी चिडचिड केवळ सवयीची नसते. कर सल्लागाराच्या कार्यालयात तो विवरणपत्राच्या मुदतीचा प्रश्न असतो, तर ज्येष्ठ नागरिकाच्या घरी समोरचे संकेतस्थळ खरोखर बँकेचेच आहे की नाही, याचा प्रश्न असतो.

ब्राउझरच्या प्रत्येक मोठ्या बदलानंतर जगभर नाराजी उमटते. ती कधी रास्त असते, कधी काही आठवड्यांत विरते आणि कधी कंपनीला निर्णय मागे घ्यायला लावते. या तीन प्रकारांतला फरक समजण्यासाठी मुळात हे बदल का होतात, ते पाहणे आवश्यक आहे.

अद्यतने इतक्या वेळा का येतात?

एकेकाळी ब्राउझरची नवी आवृत्ती वर्षा-दोन वर्षांनी येत असे आणि ती वापरकर्ता स्वतः उतरवून घेत असे. गुगलने २००८ मध्ये क्रोम आणला तो पार्श्वभूमीवर आपोआप अद्ययावत होण्याच्या पद्धतीसह. आधी सहा आठवड्यांनी येणारी क्रोमची मोठी आवृत्ती सप्टेंबर २०२१ पासून चार आठवड्यांनी येऊ लागली. मोझिलाच्या फायरफॉक्सने २०११ मध्ये जलद आवृत्त्यांचा मार्ग स्वीकारला आणि पुढे २०२० मध्ये तोही चार आठवड्यांच्या चक्रावर आला.

या घाईचे मुख्य कारण सुरक्षितता हे आहे. ब्राउझर हा संगणकावरील असा कार्यक्रम आहे, जो दिवसभर अनोळखी ठिकाणांहून आलेला मजकूर आणि संगणकीय आज्ञा उघडत असतो. त्यातील एखादी उणीव जाहीर झाली की तिचा गैरफायदा घेणारे लगेच कामाला लागतात. भारत सरकारची संगणकीय आपत्कालीन प्रतिसाद संस्था ‘सर्ट-इन’ क्रोम, फायरफॉक्स आणि एज यांतील उणिवांबाबत वारंवार सूचना प्रसृत करते आणि त्यांवरील उपाय बहुधा एकच असतो : नवी आवृत्ती घ्यावी.

अडचण अशी, की सुरक्षेची दुरुस्ती आणि रूपातील बदल एकाच पुडक्यात येतात. वापरकर्त्याला पहिली हवी असते, दुसरा नको असतो. परंतु निवड करण्याची मुभा सहसा नसते. नाराजीचे मूळ बहुतेक वेळा येथेच असते.

पहिला प्रकार : रूप आणि खुणा यांतील बदल

टॅबचा आकार, पट्ट्यांची जाडी, बटणांची जागा हे बदल सर्वांत आधी डोळ्यांत भरतात आणि त्यांवरच सर्वाधिक बोलले जाते. फायरफॉक्सच्या जून २०२१ मधील ८९व्या आवृत्तीने टॅब पट्टीपासून सुटे, गोलसर बटणांसारखे केले, तेव्हा जुन्या वापरकर्त्यांनी तीव्र नापसंती व्यक्त केली. मात्र अशा बदलांत काम अडत नाही. हात नव्या जागेला सरावले की तक्रार मागे पडते.

खुणांचे बदल मात्र वेगळे असतात. क्रोमच्या ६९व्या आवृत्तीने सप्टेंबर २०१८ मध्ये पत्त्याच्या पट्टीतील आरंभीचे ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’ हे उपपद लपवले. पत्ता सुटसुटीत दिसावा, हा हेतू होता. परंतु हे उपपद असलेला आणि नसलेला पत्ता तांत्रिकदृष्ट्या दोन निरनिराळ्या ठिकाणांचा असू शकतो, असा आक्षेप घेतला गेला. काही दिवसांतच गुगलने हा बदल मागे घेतला. पण २०१९ मधील ७६व्या आवृत्तीत तो पुन्हा लागू केला. पुढे मुख्य नाव तेवढे ठेवून उर्वरित पत्ता झाकण्याचा प्रयोगही झाला आणि २०२१ मध्ये तो सोडून देण्यात आला.

कुलपाच्या चिन्हाची कथा याहून बोलकी आहे. पत्त्याशेजारी कुलूप दिसत असेल तर संकेतस्थळ सुरक्षित, असे लोकांना अनेक वर्षे शिकवले गेले. प्रत्यक्षात त्या कुलपाचा अर्थ एवढाच होता, की वापरकर्ता आणि संकेतस्थळ यांच्यातील संदेश वाटेत कोणाला वाचता येणार नाहीत. पलीकडे बसलेला प्रामाणिक आहे की नाही, हे कुलूप सांगत नव्हते. फसवणूक करणाऱ्यांच्या बनावट संकेतस्थळांवरही ते दिसू लागले होते. म्हणून सप्टेंबर २०२३ मधील ११७व्या आवृत्तीत क्रोमने संगणकावरील कुलूप काढून तेथे मांडणीच्या सरकत्या खुंट्यांसारखे चिन्ह ठेवले. बदल तर्काला धरून होता. परंतु ‘कुलूप पाहा, मगच पासवर्ड टाका’ हा धडा मनापासून पाळणाऱ्या ज्येष्ठांसाठी शिकलेली एकमेव खूणच हरवली.

आता पाहण्याची खरी खूण म्हणजे संकेतस्थळाचे नाव. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२५ मध्ये भारतीय बँकांसाठी ‘डॉट बँक डॉट इन’ या स्वतंत्र नामविस्ताराची घोषणा केली आणि बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत त्यावर स्थलांतर करण्यास सांगितले. हा नामविस्तार केवळ बँकांनाच मिळतो. मात्र पत्त्याची पट्टी जर पत्ता नीट दाखवत नसेल, तर या उपायाचा उपयोगही मर्यादित राहतो. पत्त्यात काय दिसावे, यावरील वाद म्हणूनच केवळ सौंदर्यदृष्टीचा ठरत नाही.

दुसरा प्रकार : एक्स्टेंशनच्या अधिकारांतील बदल

मयूर विहारच्या रहिवाशाला ‘एक्स्टेंशन’ म्हटले की मेट्रोचे स्थानक आठवते. ब्राउझरच्या बाबतीत एक्स्टेंशन म्हणजे बाहेरून जोडलेली लहानशी प्रणाली. जाहिराती अडवणे, पासवर्ड सांभाळणे, मजकुराचा अनुवाद करणे अशी कामे ती करते.

गुगलने एक्स्टेंशनसाठीची नवी नियमावली ‘मॅनिफेस्ट व्ही-३’ या नावाने आणली. जुन्या नियमावलीवर चालणारी एक्स्टेंशन २०२४ च्या उत्तरार्धापासून टप्प्याटप्प्याने बंद होत गेली आणि २०२५ मध्ये ती क्रोममधून जवळपास हद्दपार झाली. ‘यूब्लॉक ओरिजिन’ हे लोकप्रिय जाहिरातरोधक त्यांपैकीच एक होते. त्याची ‘लाइट’ ही मर्यादित आवृत्ती नव्या नियमांवर चालते.

हा फरक गृहसंस्थेच्या फाटकावरील पहारेकऱ्याच्या उदाहरणाने समजू शकतो. जुन्या पद्धतीत पहारेकरी येणाऱ्या प्रत्येकाला थांबवून विचारपूस करी आणि आत सोडायचे की नाही, हे स्वतः ठरवी. नव्या पद्धतीत त्याने व्यवस्थापनाकडे आगाऊ यादी द्यायची आणि त्या यादीनुसार फाटक उघडण्याचे किंवा बंद करण्याचे काम व्यवस्थापन करणार. यादीतील नोंदींवर संख्येची मर्यादा आहे आणि यादीत न बसणारा नवा चतुर पाहुणा आला, तर पहारेकऱ्याला जागच्या जागी निर्णय घेता येत नाही.

गुगलचे म्हणणे असे, की प्रत्येक येणाऱ्या-जाणाऱ्याचा तपशील पाहण्याचा अधिकार बाहेरच्या पहारेकऱ्याला देणे धोक्याचे आहे. तोच लबाड निघाला तर सारेच उघडे पडते. वापरकर्त्याची माहिती चोरणारी एक्स्टेंशन पूर्वी सापडली आहेत, त्यामुळे हा युक्तिवाद निराधार नाही. टीकाकारांचे उत्तर असे, की ज्या कंपनीचे मुख्य उत्पन्न जाहिरातींतून येते, तिनेच जाहिरातरोधकांचे अधिकार कमी करणे हा हितसंबंधांचा संघर्ष आहे. दोन्ही बाजूंत तथ्य आहे आणि म्हणूनच हा वाद अनेक वर्षे धुमसत राहिला. फायरफॉक्सने नवी नियमावली स्वीकारतानाच जुने अधिकारही कायम ठेवले आहेत.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. मायक्रोसॉफ्ट एज, ऑपेरा, ब्रेव्ह, विवाल्डी हे ब्राउझर दिसायला वेगळे असले, तरी ते क्रोमच्याच मुक्त स्रोत असलेल्या ‘क्रोमियम’ या पायावर उभे आहेत. पायात बदल झाला की वरच्या सर्व मजल्यांना त्याचा विचार करावाच लागतो. ब्राउझर बदलून नाराजी व्यक्त करण्याचा मार्ग त्यामुळे वाटतो तितका रुंद नाही.

तिसरा प्रकार : काहीतरी कायमचे बंद होणे

सर्वांत जाच देणारा प्रकार हा आहे आणि भारतातील कार्यालयांनी तो विशेष तीव्रतेने अनुभवला आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० ने डिजिटल स्वाक्षरीला कायदेशीर मान्यता दिली. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या ‘एमसीए-२१’ प्रकल्पामुळे २००६ पासून कंपन्यांची कागदपत्रे अशा स्वाक्षरीने सादर होऊ लागली. सनदी लेखापाल, कंपनी सचिव आणि शासकीय निविदा भरणारे कंत्राटदार यांच्या टेबलावर यूएसबी डोंगल आले. डोंगलमधील स्वाक्षरी संकेतस्थळापर्यंत नेण्यासाठी अनेक ठिकाणी जावा ॲपलेट वापरले जात होते आणि ब्राउझरमध्ये ते ‘एनपीएपीआय’ नावाच्या जुन्या जोडणीवर चालत होते.

ही जोडणी नेटस्केपच्या काळातील होती. तिच्यातून आलेल्या प्रणालीला संगणकावर जवळपास मुक्तद्वार मिळत असल्यामुळे ती धोक्याची मानली गेली. गुगलने २०१३ मध्ये ती बंद करण्याची घोषणा केली. एप्रिल २०१५ मध्ये ४२व्या आवृत्तीत ती मूलतः निष्क्रिय केली आणि सप्टेंबर २०१५ मध्ये ४५व्या आवृत्तीत ती पूर्णपणे काढून टाकली. फायरफॉक्सने मार्च २०१७ मधील ५२व्या आवृत्तीत फ्लॅशचा अपवाद ठेवून तिला निरोप दिला. परिणामी अद्ययावत ब्राउझरमध्ये स्वाक्षरी उमटेना आणि अनेक कार्यालयांत कामासाठी इंटरनेट एक्सप्लोररची जुनी आवृत्ती जपून ठेवण्याची प्रथा पडली. सुरक्षेसाठी केलेल्या बदलाने लोकांना अधिक असुरक्षित ब्राउझरकडे ढकलले, हा त्यातील विरोधाभास.

हा आसराही टिकला नाही. मायक्रोसॉफ्टने १५ जून २०२२ रोजी इंटरनेट एक्सप्लोरर निवृत्त केला आणि १४ फेब्रुवारी २०२३ रोजी एजच्या अद्यतनाद्वारे विंडोज १० च्या बहुतेक संगणकांवर तो कायमचा निष्क्रिय केला. जुन्या संकेतस्थळांसाठी एजमध्ये ‘आयई मोड’ तेवढा उरला. दरम्यान, वस्तू व सेवा कर प्रणालीसारख्या नव्या व्यवस्थांनी ब्राउझरच्या जोडणीवर विसंबण्याऐवजी संगणकावर स्वतंत्रपणे चालणारी ‘एमसाइनर’सारखी प्रणाली स्वीकारली. त्यामुळे प्रश्न बराचसा सुटला. परंतु ती प्रणाली आणि ब्राउझर यांची आवृत्ती जुळली नाही, की खोळंबा होतोच.

हा खोळंबा पैशांत मोजता येतो. कंपन्यांची वार्षिक विवरणे मुदतीनंतर सादर केल्यास प्रत्येक प्रपत्रामागे दररोज १०० रुपये अतिरिक्त शुल्क पडते. मुदतीच्या दिवशी डोंगल आणि ब्राउझर यांचे सूत जमले नाही, तर दोष कोणाचाही असला, तरी शुल्क मात्र भरणाऱ्याचेच.

जुन्या संगणकांचीही अशीच गोष्ट. क्रोमची १०९वी आवृत्ती विंडोज ७ वर चालणारी शेवटची ठरली. फेब्रुवारी २०२३ मधील ११०व्या आवृत्तीसाठी विंडोज १० किंवा त्यापुढील प्रणाली अनिवार्य झाली. फायरफॉक्सने मात्र ११५व्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीद्वारे विंडोज ७ च्या वापरकर्त्यांना आणखी काही काळ सुरक्षा दुरुस्त्या पुरवल्या. दहा वर्षे जुना संगणक सुस्थितीत चालवणाऱ्या घरासाठी किंवा शाळेसाठी हा फरक मोठा आहे.

मराठी वाचकांचा जुना अनुभव

ब्राउझरच्या बदलाने वाचनच बंद पडणे म्हणजे काय, हे मराठी वाचकांना फार पूर्वी कळले होते. युनिकोड रूढ होण्याआधी मराठी संकेतस्थळे आपापले फॉन्ट वापरत. वाचकाच्या संगणकावर तो फॉन्ट नसेल, तर ‘डायनॅमिक फॉन्ट’ या तंत्राने तो पानासोबत पाठवला जाई. इंटरनेट एक्सप्लोररचे तंत्र वेगळे आणि नेटस्केपचे वेगळे होते. नेटस्केप ४ मधील ही सोय २००० मध्ये आलेल्या सहाव्या आवृत्तीत राहिली नाही. ब्राउझर बदलला की मराठी मजकुराच्या जागी रोमन अक्षरांची निरर्थक रास दिसे. घरापासून दूर दिल्ली, इंदूर वा परदेशात राहून मराठी वृत्तपत्र वाचू पाहणाऱ्यांना याचा फटका अधिक बसत असे.

त्यावर दोन उपाय झाले. पहिला तात्पुरता होता : फायरफॉक्ससाठीचे ‘पद्म’ हे एक्स्टेंशन अशा निरनिराळ्या फॉन्टमधील भारतीय लिप्यांचा मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून दाखवत असे. दुसरा कायमचा ठरला : संकेतस्थळांनीच युनिकोड स्वीकारले आणि मजकूर कोणत्याही एका ब्राउझरच्या मर्जीवर अवलंबून राहिला नाही. यातील बोध आजही लागू पडतो. जे काम सर्वमान्य मानकावर उभे असते, ते ब्राउझर बदलला तरी टिकते. जे एखाद्या ब्राउझरच्या खास सोयीवर उभे असते, ते त्या सोयीबरोबर कोसळते.

नाराजीला यश केव्हा येते?

काही प्रसंगी वापरकर्त्यांच्या तक्रारींनी ठोस बदल घडवले आहेत. फायरफॉक्सने २०११ मध्ये जलद आवृत्त्या सुरू केल्या, तेव्हा मोठ्या कार्यालयांनी आणि शिक्षणसंस्थांनी आक्षेप घेतला. दर काही आठवड्यांनी हजारो संगणकांवरील प्रणाली नव्याने तपासणे त्यांना शक्य नव्हते. त्यांच्या आग्रहातून जानेवारी २०१२ मध्ये ‘ईएसआर’ ही दीर्घ मुदतीची आवृत्ती निघाली. सुमारे वर्षभर तिच्यात सुरक्षेच्या दुरुस्त्या येतात, पण रूप आणि सोयी स्थिर राहतात.

क्रोमच्या ६९व्या आवृत्तीत जीमेलमध्ये प्रवेश करताच ब्राउझरमध्येही आपोआप प्रवेश होऊ लागला. संमती न विचारता हे कसे होते, असा प्रश्न विचारला गेल्यावर पुढच्याच आवृत्तीत ती जोडणी बंद ठेवण्याचा पर्याय देण्यात आला. फेब्रुवारी २०२५ च्या अखेरीस फायरफॉक्सच्या वापराच्या अटींत, वापरकर्त्याने ब्राउझरमध्ये भरलेल्या माहितीच्या वापराचा व्यापक परवाना मोझिलाला मिळतो, असे सूचित करणारे शब्द आले. त्यावर टीका होताच अवघ्या काही दिवसांत ते शब्द बदलण्यात आले.

या तिन्ही उदाहरणांत एक साम्य आहे. तक्रार ‘आवडले नाही’ एवढ्यावर थांबलेली नव्हती. कोणते काम अडले, कोणती संमती डावलली गेली आणि पर्याय कोणता हवा, हे तिच्यात नेमके सांगितलेले होते. याउलट केवळ रूपाबद्दलची नापसंती फायरफॉक्स ८९ च्या वेळी मोठी असूनही नवे टॅब कायम राहिले.

स्वदेशी ब्राउझरचा प्रयत्न

भारतीय वापरकर्त्यांच्या गरजा दूरदेशीच्या कंपनीला दिसत नाहीत, ही भावना नवी नाही. बंगळूरुच्या हिडन रिफ्लेक्स कंपनीने २०१० मध्ये फायरफॉक्सच्या पायावर, भारतीय भाषांत लिहिण्याच्या सोयीसह ‘एपिक’ हा ब्राउझर आणला. २०१३ मध्ये तो क्रोमियमवर आधारित, गोपनीयतेला वाहिलेला ब्राउझर म्हणून नव्याने घडवला गेला. स्वदेशी ब्राउझरही बदलांपासून मुक्त नसतो, हेच त्यातून दिसले.

विश्वासाचा प्रश्न जुलै २०१४ मध्ये पुढे आला. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या प्रमाणपत्र यंत्रणेतून गुगलच्या नावांची अनधिकृत प्रमाणपत्रे निघाल्याचे उघड झाले. भारताच्या प्रमाणन प्राधिकरण नियंत्रकांनी संबंधित प्रमाणपत्रे रद्द केली, तर क्रोमने भारतीय मूळ प्रमाणपत्राची मान्यता मोजक्या नामविस्तारांपुरती सीमित केली. कोणत्या देशाच्या प्रमाणपत्रावर किती विश्वास ठेवायचा, हे ब्राउझर ठरवतो, याची ती जाणीव होती.

त्यानंतर ऑगस्ट २०२३ मध्ये इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने भारतीय वेब ब्राउझर विकास स्पर्धा जाहीर केली. एकूण पारितोषिके ३ कोटी ४१ लाख रुपयांची होती. भारताच्या मूळ प्रमाणपत्राचा अंतर्भाव असलेले विश्वासभांडार आणि ब्राउझरमध्येच डिजिटल स्वाक्षरी करण्याची सोय, या तिच्या प्रमुख अपेक्षांपैकी दोन होत्या. मार्च २०२५ मध्ये झोहोच्या ‘उला’ ब्राउझरला १ कोटी रुपयांचे प्रथम पारितोषिक जाहीर झाले. उलाही क्रोमियमवर आधारलेला आहे. तरीही डोंगलच्या जुन्या दुखण्यावर ब्राउझरमध्येच उपचार शोधण्याची अपेक्षा प्रथमच स्पर्धेच्या अटींतून मांडली गेली, हे महत्त्वाचे.

वापरकर्त्याने काय करावे?

सुरक्षेची अद्यतने थांबवणे हा नाराजीवरचा उपाय नव्हे. तो घराचा रंग आवडला नाही म्हणून दाराला कडी न लावण्यासारखा प्रकार आहे. ज्यांना स्थिर रूप हवे, त्यांना फायरफॉक्सच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीचा मार्ग आहे. ज्यांचे काम डिजिटल स्वाक्षरीवर चालते, त्यांनी दुसरा ब्राउझर संगणकावर तयार ठेवावा आणि मुदतीच्या शेवटच्या दिवसाऐवजी काही दिवस आधीच डोंगलची चाचणी घ्यावी. बुकमार्क आणि पासवर्ड यांची स्वतंत्र प्रत ठेवावी. अनोळखी एक्स्टेंशन जोडताना ते कोणते अधिकार मागते, हे वाचावे. घरातील ज्येष्ठांना चिन्हाऐवजी पत्त्यातील नाव वाचण्याची सवय लावावी.

तक्रार करायची झाल्यास ती ब्राउझरमधील अभिप्रायाच्या सोयीतून, आवृत्तीचा क्रमांक आणि अडलेले काम नमूद करून करावी. संकेतस्थळ शासकीय असेल, तर त्या विभागालाही कळवावे. कारण अनेकदा दोष ब्राउझर बदलल्याचा नसतो, तर संकेतस्थळ न बदलल्याचा असतो.

ब्राउझर बनवणाऱ्यांसाठी नवी आवृत्ती हा काही आठवड्यांचा नित्यक्रम आहे. मयूर विहारमधील एखाद्या निवृत्त गृहस्थासाठी मात्र ती, हाताला सरावलेल्या घरातील सामान कोणीतरी रात्रीतून हलवल्यासारखी असते. सामान हलवण्यामागे कारण असू शकते. ते आधी सांगितले जावे आणि नकाराला जागा असावी, एवढीच बहुतेक वापरकर्त्यांची अपेक्षा आहे.